बासचा पिकअप थेट जॅकला जोडताना: व्हॉल्यूम आणि टोन काढले की नेमकं काय जातं

प्रश्न थोडक्यात असा. फेंडरच्या प्रिसिजन पद्धतीची जुनी बास गिटार आहे, पिकअप एकच. व्हॉल्यूमचा नॉब फिरवला की खरखर येते, टोनचा पॉट (नॉबखालचा कमीजास्त होणारा रेझिस्टर) मधेच आवाज गिळतो. वाजवणारा हे दोन्ही नॉब कधी हलवतच नाही, कायम पूर्ण उघडे ठेवतो. मग दोन्ही पॉट काढून पिकअपच्या वायरी सरळ जॅकला, म्हणजे केबल खोचतात त्या भोकाला, लावल्या तर चालेल का? काही जळेल का? आणि आवाज आहे तोच, फक्त खरखर नसलेला मिळेल का?

चालेल. जळण्यासारखं त्यात काही नाही. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची वायर. त्यातून निघणारा व्होल्टेज व्होल्टच्या काही अंशाएवढाच असतो, आणि तो अ‍ॅम्पच्या इनपुटला थेट दिल्याने पिकअपला किंवा अ‍ॅम्पला काहीही होत नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र 'नाही' असं आहे. आवाज तोच राहणार नाही. नॉब पूर्ण उघडा असला तरी पॉट आपलं काम करतच असतो, आणि तो काढला की ते कामही थांबतं. सोल्डरिंग हातात घेण्याआधी एवढं समजून घेतलंत तर पुढचे सगळे निर्णय सोपे होतात, म्हणून इथे थोडा वेळ घालवतो.

प्रिसिजनमध्ये दोन्ही पॉट 250 किलोओहमचे असतात. व्हॉल्यूम पूर्ण उघडा असताना पिकअपची हॉट, म्हणजे सिग्नलची वायर थेट जॅकला पोचते हे खरं, पण त्याच वेळी पॉटचा अख्खा 250 किलोओहमचा पट्टा हॉट आणि ग्राउंड यांच्यामध्ये पडलेला असतो. टोनचंही तसंच. टोनच्या पॉटला जोडलेला 0.047 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 3,000 हर्ट्झच्या आसपास जेमतेम हजार-बाराशे ओहमचा अडथळा करतो, म्हणजे तिथे तो जवळजवळ साध्या वायरीसारखाच. त्यामुळे वरच्या सुरांना टोनचा पॉटही आणखी एक 250 किलोओहमचा रेझिस्टर म्हणूनच दिसतो. दोन्ही समांतर धरले तर 125 किलोओहम होतात. अ‍ॅम्पचं इनपुट साधारण 1 मेगओहमचं असतं, ते धरून एकूण 111 किलोओहमच्या आसपास. पॉट काढलेत की उरतो फक्त अ‍ॅम्पचा 1 मेगओहम. पिकअपवरचं ओझं असं जवळपास नऊ पटींनी हलकं होतं.

ओझं हलकं झालं म्हणजे आवाज मोठा झाला असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही. 10 किलोओहमच्या पिकअपचा हिशेब केला तर खालच्या सुरांत मिळणारी वाढ 1 डेसिबलपेक्षाही कमी भरते, कानाला ती कळणार नाही. खरा फरक वर घडतो. पिकअपच्या कॉइलला स्वतःचा इंडक्टन्स असतो, आणि कॉइलची स्वतःची कपॅसिटन्स व केबलची कपॅसिटन्स मिळून त्याच्यासमोर उभी राहते. या दोघांच्या जोडीतून एक अनुनाद तयार होतो. त्या ठिकाणी आवाजात एक शिखर येतं आणि त्याच्या पलीकडे सगळं झपाट्याने उतरतं. पॉट हे शिखर चेपून ठेवतात. पॉट गेले की शिखर वर उसळतं. बोटाचं नख तारेला लागण्याचा आवाज, फ्रेटवर तार आपटल्याचा टणत्कार, पिकने वाजवताना येणारी कडकड, हे सगळं पुढे येतं.

हे शिखर नेमकं कुठे येतं त्याचा अंदाज घेऊ. उदाहरणापुरता पिकअपचा इंडक्टन्स 4 हेन्री धरा. साध्या केबलची कपॅसिटन्स मीटरला सुमारे 100 पिकोफॅरड असते. 5 मीटरची केबल आणि कॉइलची स्वतःची 100 पिकोफॅरड मिळून 600 पिकोफॅरड झाले, तर शिखर सुमारे 3,250 हर्ट्झवर येतं. केबल 10 मीटरची लावलीत तर तेच 2,400 हर्ट्झवर उतरतं. 3 मीटरच्या केबलला ते 4,000 हर्ट्झच्या जवळ जातं. म्हणजे पॉट काढलेल्या बासमध्ये केबल हाच एक टोन कंट्रोल होऊन बसतो. पॉट असतानाही केबलचा परिणाम होतो, पण शिखर चेपलेलं असल्याने तो लक्षात येत नाही. आता तो लख्ख ऐकू येतो.

हे मी एका ध्वनिमुद्रणाच्या वेळी अनुभवलं. घरी छोट्या केबलवर आवाज मनासारखा लावून बास थेट जोडून नेली होती. तिथे मिळालेली केबल तिप्पट लांब होती. पहिल्या पाच मिनिटांत मला वाटलं की पिकअपच बसला. तारा तपासल्या, जॅक उघडून पाहिला, शेवटी केबल बदलली आणि आवाज परत आला. तेव्हापासून थेट जोडलेल्या बाससोबत तिची ठरलेली केबल मी बांधूनच देतो. वायरलेस वापरत असाल तर उलटं होतं. त्यात बासपासून पट्ट्यावरच्या डबीपर्यंत जेमतेम वीतभर वायर असते, त्यामुळे आवाज अपेक्षेपेक्षा जास्त चकचकीत लागतो.

आता एक गोष्ट जी सहसा कुणी सांगत नाही. हा सगळा फरक तुम्हाला ऐकू येईलच असं नाही. 15 इंची स्पीकर असलेल्या, ट्विटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) नसलेल्या कॅबिनेटमधून 3,000-4,000 हर्ट्झच्या वरचं फारसं काही बाहेरच पडत नाही. जुन्या, मळलेल्या तारांमध्ये किंवा फ्लॅटवाउंड (चपट्या, गुळगुळीत वेढ्यांच्या) तारांमध्ये तेवढ्या उंचीचं मुळात फारसं काही नसतं. अशा जोडणीवर पॉट काढलेत काय आणि ठेवलेत काय, फरक नाममात्र. पण नव्या राउंडवाउंड तारा, ट्विटरचं कॅबिनेट किंवा हेडफोन असतील तर पहिल्याच सुराला कळेल.

म्हणून माझा आग्रह असा की आधी काहीही कायमचं काढू नका. पिकगार्ड, म्हणजे बासवरची ती पातळ प्लेट, उघडा. पॉट जागेवरच राहू द्या. पिकअपची हॉट वायर व्हॉल्यूमच्या पॉटला जिथे सोल्डर केली आहे तिथून सोडवा. जॅककडे जाणारी वायरही पॉटच्या ज्या पायाला सोल्डर केली आहे तिथून सोडवा. या दोन वायरींची टोकं एकमेकांना सोल्डर करा आणि वरून हीट श्रिंकची नळी चढवा. झालं. ग्राउंडला हातच लावायचा नाही. पॉट आता फक्त शोभेला आणि ग्राउंडच्या वायरी एकत्र आणायला उरले. टोनची वायर कुठल्याही पायावर असो, ती पॉटसोबतच बाजूला पडते, तिचा वेगळा विचार करावा लागत नाही. जॅझ पद्धतीच्या, म्हणजे दोन पिकअप आणि दोन व्हॉल्यूमच्या बासमध्ये पिकअपच्या वायरी व्हॉल्यूम पॉटच्या मधल्या पायाला असतात आणि बाहेर जाणारी वायर कडेच्या पायाला, म्हणजे प्रिसिजनच्या उलट. तिथे पाय मोजत बसू नका. वायर पिकअपकडून येते की जॅककडे जाते, एवढंच पाहा.

अशी आठवडाभर वाजवा. सराव, कार्यक्रम, सगळं. नाही पटलं तर एक सांधा सोडवून दोन वायरी जागेवर लावायच्या, एवढंच काम आहे. सोल्डरचीही घाई नसेल तर क्रोकोडाइल क्लिपच्या दोन वायरींनी, पिकगार्ड उघडाच ठेवून, पाच मिनिटं ऐकून घेता येतं.

पटलं, आणि पॉट पूर्ण काढायचेच ठरलं, तर खरी काळजी इथून पुढे घ्यायची. दुरुस्तीला येणाऱ्या अशा बासमधला सर्वांत नेहमीचा दोष एकच असतो: ग्राउंड. पॉटची धातूची पाठ ही बासमधली सगळ्या ग्राउंड वायरींची चावडी असते. पिकअपची ग्राउंड वायर तिथे, ब्रिजखालून (तारा जिथे अडकवतात त्या धातूच्या भागाखालून) आलेली वायर तिथे, पोकळीतल्या शील्डिंगची वायर तिथे, आणि तिथून एकच वायर जॅकला. पॉट काढणारा माणूस पिकअपच्या दोन वायरी नीट जॅकला लावतो आणि ब्रिजची वायर तशीच लोंबत सोडतो. बास वाजते, पण घुमघुम करत राहते, आणि तारेला हात लावल्यावर जो हम कमी व्हायला हवा तो होत नाही. उलट हाताच्या हालचालीबरोबर वाढतो. दोष पिकअपवर ढकलला जातो, नवा पिकअप येतो, हम तसाच.

तेव्हा पॉट सोडवण्याआधी पाठीवर सोल्डर केलेल्या सगळ्या वायरी मोजा आणि प्रत्येक वायर कुठून येते ते कागदावर लिहा. फोटो काढा. मग त्या सगळ्या जॅकच्या स्लीव्हच्या, म्हणजे ग्राउंडच्या पायावर आणा. एका पायावर तीन-चार वायरी बसत नाहीत, ओढूनताणून बसवल्या तर सोल्डरचा गोळा होतो आणि आतल्या एखाद्या वायरीला सोल्डर धरतच नाही. त्यापेक्षा सगळ्या ग्राउंड वायरी आधी एकमेकींना पिळून सोल्डर करा आणि त्या सांध्यातून एकच वायर जॅककडे न्या.

जॅकचे पाय ओळखताना अंदाजावर जाऊ नका. साध्या उघड्या जॅकमध्ये लांब, वाकवलेली पट्टी टिपला, म्हणजे प्लगच्या टोकाला टेकते, आणि मधल्या नळीला जोडलेला तो स्लीव्ह, हे खरं. पण बॅरल प्रकारचा बंद जॅक असेल तर डोळ्यांनी कळत नाही. जॅकमध्ये प्लग घाला, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा, एक टोक प्लगच्या टोकाला, दुसरं एकेका पायाला. जिथे बीप वाजेल तो टिप. तिथे हॉट. प्लगच्या दांड्याशी जुळणारा पाय तो स्लीव्ह, तिथे ग्राउंड. हे उलटं झालं तर तारांना हात लावताच प्रचंड हम येतो, कारण अख्खा ब्रिज हॉटला जोडला जातो.

पॉट गेल्याने आणखी एक गोष्ट नकळत सुटते. पॉटची धातूची मान पिकगार्डच्या पाठीवरच्या फॉइलला टेकलेली असते, आणि त्या स्पर्शातूनच फॉइल ग्राउंड होतं. प्रिसिजनमध्ये जॅकही पिकगार्डवरच असतो, त्यामुळे जॅकच्या नळीतून फॉइलला ग्राउंड मिळत राहतं. जॅझमध्ये जॅक धातूच्या कंट्रोल प्लेटवर असतो, तिथेही प्रश्न येत नाही. पण जॅक बासच्या कडेला, लाकडात किंवा प्लॅस्टिकच्या प्लेटवर असेल तर फॉइल किंवा धातूची प्लेट अधांतरी राहते आणि बोट लागलं की गुरगुरते. तिला एक स्वतंत्र वायर द्या. पॉटची रिकामी भोकं आतून तांब्याच्या टेपने झाका, आणि ती टेप बाकीच्या शील्डिंगला जोडली आहे ना ते मल्टिमीटरने पाहा. पोकळीला शील्डिंगच नसेल, तर पिकअपपासून जॅकपर्यंत शील्ड असलेली वायर वापरणं बरं.

सोल्डरिंगबद्दल फार सांगत नाही. रोझिन असलेलं साधं 60/40 सोल्डर, 30-40 वॉटचा आयर्न, अ‍ॅसिडचा फ्लक्स कधीही नाही. एकच ताकीद देतो: पिकअपच्या तळाशी जिथे कॉइलची वायर संपते ते डोळे, म्हणजे धातूची छोटी भोकं, तापवू नका. ती वायर बहुधा 42 गेजची असते, जाडी 0.06 मिलिमीटरच्या आसपास. केसासारखी. पिकअपची वायर लांबीला कमी पडत असेल तर तिच्या मोकळ्या टोकाला जोड द्या, पिकअपच्या तळाशी जाऊ नका. आणि जॅकजवळ दोन-तीन इंच वायर सैल ठेवा, कारण जॅकचं नट सैल झालं की लोक तो बोटांनी फिरवतात आणि ताठ वायर तुटते.

पिकगार्ड बंद करण्याआधी केबल जॅकला लावा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाच्या प्लगवर मल्टिमीटर धरा, रेंज 20 किलोओहम. प्रिसिजनचा पिकअप साधारण 10 ते 12 किलोओहम दाखवतो, जॅझचा एकेक पिकअप 7 ते 8. काहीच आलं नाही तर वायर कुठेतरी तुटली आहे. शून्याजवळ आलं तर हॉट आणि ग्राउंड कुठेतरी चिकटले आहेत, बहुधा जॅकची टिपची पट्टी पोकळीच्या फॉइलला टेकते आहे. प्रिसिजनमध्ये 5 किलोओहमच आले तर दोन अर्ध्या कॉइलपैकी एकच जोडली गेली आहे. तिथे दोन्ही अर्धे एकापाठोपाठ, म्हणजे सिरीजमध्ये असतात आणि त्यांना जोडणारी छोटी वायर उघडताना सहज तुटते, पण ती तुटली तर मीटर काहीच दाखवत नाही. मग अ‍ॅम्पला लावून प्रत्येक तारेखाली स्क्रूड्रायव्हरने हलकेच टकटक करा.

चार वायरींचा हमबकर (हम मारणारा दोन कॉइलचा पिकअप) असेल तर रंगांवर जाताना बनवणारा कोण ते आधी पाहा. सिमोर डंकनच्या पद्धतीत काळी हॉट, हिरवी आणि उघडी वायर ग्राउंड, आणि लाल-पांढरी एकमेकींना जोडून टेप लावून बाजूला. डिमार्झिओच्या पद्धतीत लाल हॉट, काळी-पांढरी एकमेकींना, हिरवी आणि उघडी ग्राउंड. एकाचा नकाशा दुसऱ्याला लावला तर आवाज क्षीण येतो किंवा येतच नाही.

दोन पिकअपची बास असेल तर विषय जास्त रंगतो. दोन्ही हॉट एकत्र टिपला, दोन्ही ग्राउंड एकत्र स्लीव्हला, ही समांतर जोडणी. जॅझ पद्धतीत दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडल्यावर मिळते तीच. तिचा एक मोठा फायदा असा की हल्लीच्या बहुतेक जॅझ संचांत एका पिकअपची वळणं आणि चुंबक दुसऱ्याच्या उलटे असतात, त्यामुळे दोन्ही सारख्या पातळीवर असले की हम एकमेकांना मारतात. नॉबच नसल्याने तो समतोल आता कायमचा. तोटा असा की फक्त मागच्या पिकअपचा तो नाकातून आल्यासारखा, रेखीव आवाज तुम्ही गमावता. तो तुमच्या वाजवण्याचा कणा असेल तर जॅझ थेट जोडू नका, किंवा तीन ठिकाणी थांबणारा एक स्विच बसवा: पुढचा, दोन्ही, मागचा. दोन हॉट वायरी स्विचच्या दोन कडांना, मधला पाय जॅकला. त्यात पॉट नाही, त्यामुळे ओझंही नाही.

दोन्ही पिकअप सिरीजमध्येही जोडता येतात. एकाची ग्राउंड वायर दुसऱ्याच्या हॉटला, उरलेल्या दोन जॅकला. आवाज मोठा होतो, मधला भाग फुगतो, शिखर खाली येतं. वरच्याच हिशेबाने पाहिलं, म्हणजे 4 हेन्रीचे दोन पिकअप आणि 5 मीटरची केबल, तर समांतर जोडणीत शिखर 4,000 हर्ट्झच्या पुढे जातं आणि सिरीजमध्ये 2,500 च्या खाली येतं. नॉब नसलेल्या जॅझला सिरीज जोडणी फार शोभते, असं माझं मत आहे. थेट जोडणीने आलेला काचेसारखा कडकपणा तिथे आपोआप मऊ होतो आणि आवाज प्रिसिजनच्या अंगाने जातो. एवढंच पाहा, की ज्या पिकअपचं धातूचं आवरण किंवा वायरीची जाळी त्याच्या ग्राउंड वायरीलाच जोडलेली आहे, तो जोडीत ग्राउंडच्या बाजूला ठेवायचा. वरच्या बाजूला ठेवलात तर ते आवरण अर्ध्या आवाजावर तरंगतं आणि हम गोळा करतं.

वेगवेगळ्या ठिकाणहून आणलेले दोन पिकअप असतील तर फेज तपासा. मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर, टोकं पिकअपच्या हॉट-ग्राउंडला. लोखंडी स्क्रूड्रायव्हर चुंबकाला चिकटवा आणि झटकन उचला. आकडा क्षणभर अधिक किंवा उणे उडी मारतो. दुसऱ्या पिकअपवर तसंच करा. दोन्हींची उडी एकाच दिशेची हवी. विरुद्ध असेल तर दोन्ही मिळून आवाज पोकळ आणि तळ नसलेला येतो, आणि बासला तळच नसेल तर बाकी काही असून उपयोग नाही. एका पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल करा.

आता आवाज अति चकचकीत झाला तर काय? पॉट परत बसवायची गरज नाही. पॉट जे ओझं देत होता तेवढाच एक रेझिस्टर जॅकच्या टिप आणि स्लीव्हच्या मध्ये सोल्डर करा. पाव वॉटचा साधा पुरे. प्रिसिजनचे दोन पॉट म्हणजे 125 किलोओहम, बाजारातली जवळची किंमत 120. जॅझचे तीन पॉट मिळून 83 किलोओहम, तिथे 82 मिळतो. मध्यम मार्ग हवा तर 220. हा रेझिस्टर लावलात की आवाज तुमच्या जुन्या, दोन्ही नॉब उघड्या बासचाच, फक्त झिजणारा भाग कुठेही नाही. प्रश्नकर्त्याला नेमकं हेच हवं होतं, आणि त्यांना माझा सल्ला 120 किलोओहमचाच आहे. तपासताना लक्षात असू द्या: 10.5 किलोओहमचा पिकअप आता केबलच्या टोकाला 9.65 च्या आसपास दाखवेल. तो दोष नाही.

आणखी मऊ हवा असेल तर रेझिस्टरच्या जोडीला 1 नॅनोफॅरडचा छोटा कपॅसिटर. 4 हेन्रीच्या पिकअपला आणि 5 मीटरच्या केबलला तो शिखर 2,000 हर्ट्झवर आणतो. जड, बुजलेला, जुन्या रेकॉर्डसारखा ठोका हवा असेल तर 47 नॅनोफॅरड, म्हणजे टोनचा नॉब पूर्ण बंद केल्यासारखं. कपॅसिटर कुठल्या मालाचा आहे यावर लोक फार भांडतात. एवढ्याशा व्होल्टेजला त्याने काही फरक पडत नाही, फक्त त्याची किंमत किती नॅनोफॅरड आहे तेवढी बघा.

काही ठिकाणी ही सगळी चर्चा लागू होत नाही. ईएमजीसारख्या अ‍ॅक्टिव्ह पिकअपमध्ये प्रीअ‍ॅम्प आतच असतो. त्याला पॉटचं किंवा केबलचं ओझं जाणवत नाही, म्हणून पॉट काढून आवाज जवळपास बदलत नाही. ते थेट जॅकला लावता येतात, फक्त बॅटरीची उणे वायर स्टिरिओ जॅकच्या रिंगला हवी, नाहीतर प्लग काढल्यावरही बॅटरी संपत राहील. दुसरीकडे ब्रिजखालचा पिएझो, म्हणजे चुंबकाऐवजी दाबावर चालणारा पिकअप. तो प्रीअ‍ॅम्पशिवाय थेट जॅकला लावू नका. पिएझो हा स्वतः एका कपॅसिटरसारखा असतो. त्याची कपॅसिटन्स 500 पिकोफॅरड धरली आणि अ‍ॅम्प 1 मेगओहमचा, तर सुमारे 320 हर्ट्झच्या खालचं सगळं उतरत जातं. बासच्या सर्वांत खालच्या तारेचा सूर 41 हर्ट्झचा आहे. म्हणजे जे ऐकायचं तेच जातं.

पुढे कशाला जोडता यावरही लक्ष हवं. पॉट काढून हलकं केलेलं ओझं तुम्ही नकळत परत चढवू शकता. पॅसिव्ह व्हॉल्यूम पेडल बहुधा 250 किलोओहमच्या पॉटचंच असतं. पॅसिव्ह डीआय बॉक्सचं (बासचा सिग्नल मिक्सरला देणाऱ्या डबीचं) इनपुट दीड लाख ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी असतं. यातलं काही पहिलंच जोडलंत तर बासमधले पॉट बासबाहेर आले, एवढाच बदल झाला. आधी बफर असलेलं पेडल किंवा अ‍ॅक्टिव्ह डीआय ठेवा. संगणकाच्या इंटरफेसवर वाद्याचं इनपुट निवडा, लाइनचं नको.

राहिला आवाज बंद करण्याचा प्रश्न, आणि मंचावर तोच जास्त छळतो. थेट जोडलेली बास कायम चालू असते. दोन गाण्यांच्या मधे ती स्टँडवर ठेवलीत तरी अ‍ॅम्पच्या आवाजाने तारा थरथरतात आणि गुंजायला लागतात. ट्यूनर पेडलचं म्यूट ही माझी पहिली शिफारस. बासवरच हवा असेल तर एक छोटा स्विच बसवा, पण तो टिप आणि स्लीव्ह यांना एकमेकांशी जोडणारा असावा. हॉट वायर तोडणारा स्विच लावलात तर अ‍ॅम्पचं इनपुट उघडं पडतं आणि शांततेऐवजी हम ऐकू येतो. केबल काढताना आधी अ‍ॅम्प म्यूट करा, किंवा बासकडच्या टोकाला न्यूट्रिकचा सायलेंट प्लग वापरा. तो बाहेर काढताच आपोआप आतून जोडला जातो आणि धडाका होत नाही.

ब्रिज ग्राउंड झाला की तुमचा हात अ‍ॅम्पच्या अर्थिंगशी जोडला जातो, हे कधीही विसरू नका. ते आधीही होतंच, पण आतल्या वायरी नव्याने जोडल्यावर मी नेहमी ज्या जागी वाजवायचं तिथल्या सॉकेटचं अर्थिंग टेस्टरने पाहतो. मायक्रोफोनला ओठ लावण्याआधी तारेवरचा हात आणि माइकची जाळी यांमध्ये झणझण येत असेल तर वाजवणं थांबवा आणि सॉकेट बदला. ब्रिजची वायर तोडून त्यावर उपाय करू नका.

वाजवताना पहिले काही दिवस उजवा हात गोंधळेल. नॉब खाली करून हळू वाजवण्याची सवय असणाऱ्यांना आता बोटांनीच हळू वाजवावं लागतं. ब्रिजजवळ वाजवलं की आवाज कडक, मानेकडे सरकलं की गोल, तळहाताची कड तारांवर ठेवली की ठोका बुजलेला. जे काम टोनचा नॉब करत होता त्यातलं बरंचसं हात करतो, आणि तेही एका सुरापासून दुसऱ्या सुरापर्यंत बदलत. मला स्वतःला थेट जोडलेली बास आवडते ती यासाठी. ज्यांना एका गाण्यात तीन वेळा नॉब फिरवायचा असतो त्यांना मी ती कधी सुचवत नाही. त्यांनी पॉट बदलावेत, किंवा आधी कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पंचवीसेक वेळा फिरवून पाहावेत. खरखर नुसती धुळीची असेल तर ती तेवढ्यानेही जाते. आणि ज्यांना उघडा आवाजही हवा आणि नॉबही, त्यांच्यासाठी नो-लोड टोन पॉट असतो. तो शेवटच्या टोकाला नेला की आतला पट्टा तुटतो आणि टोन सर्किटमधून बाहेर पडतो.

पॉट, कपॅसिटर आणि त्यांच्यामधल्या वायरी सुट्या करू नका, अखंड बाहेर काढा. एका पिशवीत घाला, वर बासचं वर्णन आणि कुठली वायर कुठून सोडवली ते लिहा, आणि पिशवी बासच्या केसमध्ये ठेवा. काही वर्षांनी कुणी ती बास पूर्ववत करायला घेईल तेव्हा त्या चिठ्ठीने त्याचा एक दिवस वाचेल.